ध्वनी-कोडेक आणि मुक्त सॉफ्टवेअर : परवाने व पेटंट

ध्वनीची अंकीय नोंद कमी जागेत मावावी म्हणून ती आकसवणाऱ्या आणि ऐकताना पुन्हा उलगडणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आकसवणारा भाग एन्कोडर, तर उलगडणारा डिकोडर. एमपी३, एएसी, व्हॉर्बिस, फ्लॅक आणि ओपस हे सर्वपरिचित ध्वनी-कोडेक आहेत. ज्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मूळ मजकूर, कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा अशा मुक्त सॉफ्टवेअरसमोर यांपैकी काही कोडेकांनी एक विलक्षण पेच उभा केला. प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला, त्याचा परवाना पूर्णपणे मुक्त, आणि तरीही तो वाटण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडे असेलच असे नाही, अशी ही स्थिती होती. एमपी३पुरती ती २०१७ मध्ये संपली; इतर काही कोडेकांच्या बाबतीत ती आजही कायम आहे.

या पेचाच्या मुळाशी दोन वेगळे हक्क आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट हा प्रोग्रॅमच्या प्रत्यक्ष मजकुरावर असतो. तोच परिणाम साधणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे, पाटी कोरी ठेवून लिहिला, तर पहिल्याच्या प्रताधिकाराचा भंग होत नाही. पेटंट मात्र पद्धतीवर असते. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, तेव्हा तो नोंदताना कमी तपशिलाने नोंदला तरी चालतो, हे एमपी३सारख्या कोडेकांमागचे मुख्य तत्त्व आहे. ते अमलात आणण्याच्या ठरावीक पायऱ्यांवर पेटंट असेल, तर त्या पायऱ्या ज्या ज्या प्रोग्रॅममध्ये येतात ते सगळे त्याच्या कक्षेत येतात, मग कोडची एक ओळही उचललेली नसो. जीपीएल, एलजीपीएल, बीएसडी हे मुक्त परवाने लेखकाचा स्वतःचा हक्क इतरांना देऊ शकतात; तिसऱ्याच कोणाच्या पेटंटचा हक्क देणे त्यांच्या हाती नसते.

लेम या एमपी३ एन्कोडरच्या वाटचालीत हे दोन्ही हक्क एकामागून एक आडवे आले, म्हणून त्याचे उदाहरण थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. एमपी३चे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यासोबत आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने नमुन्यादाखल सोर्स कोडही उपलब्ध करून दिला. या कोडवर बेतलेले अनेक फुकट एन्कोडर नंतर निघाले. एमपी३च्या घडणीत मोठा वाटा असलेल्या जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने सप्टेंबर १९९८ मध्ये अशा एन्कोडरांच्या लेखकांना पत्रे पाठवून पेटंटचा परवाना घेण्यास बजावले. त्याच वर्षी सुरू झालेला लेम हा प्रारंभी आयएसओच्या नमुना कोडला लावायच्या दुरुस्त्यांचा, म्हणजे 'पॅच'चा, संच तेवढा होता. 'लेम हा एमपी३ एन्कोडर नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातून आलेले त्याचे नाव ही थट्टा होती, पण सुरुवातीच्या काळात ती अक्षरशः खरीही होती. पुढे एकेक भाग नव्याने लिहीत मे २००० मध्ये आयएसओचा उरलासुरला कोड काढून टाकण्यात आला आणि लेम प्रताधिकाराच्या दृष्टीने पूर्ण स्वतंत्र, एलजीपीएल परवान्याखालील एन्कोडर झाला. पेटंटचे सावट मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणून प्रकल्पाने केवळ सोर्स कोड प्रसिद्ध करण्याचे धोरण ठेवले. सोर्स कोड हे एखाद्या पद्धतीचे लिखित वर्णन आहे आणि वर्णन वाचायला दिल्याने पेटंटचा भंग होत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणे आणि त्याची जोखीम पत्करणे हे वापरणाऱ्यावर सोडलेले होते.

वापरणाऱ्याला याची झळ कशी लागे, हे ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात पाहायला मिळे. ध्वनिमुद्रण पूर्ण करून एमपी३ स्वरूपात जतन करण्याची आज्ञा दिली, की विंडोजवर एक चौकट उघडे आणि लेमची 'डीएलएल' फाइल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार भाग, संगणकावर कुठे आहे ते विचारी. ती फाइल ऑडॅसिटीसोबत येत नसे; दुसरीकडून उतरवून आणावी लागे. नवख्या माणसाला हा प्रोग्रॅमचा दोष वाटे. वस्तुतः ती चौकट म्हणजे कायद्याने आखलेली सीमारेषा होती.

लिनक्स वितरणांनीही, म्हणजे लिनक्स कार्यप्रणाली निवडक सॉफ्टवेअरसह तयार संचांत देणाऱ्या प्रकल्पांनीही, हीच रेषा आपापल्या परीने आखली. रेड हॅटने २००२ मध्ये आलेल्या आपल्या ८.० या आवृत्तीतून एमपी३ वाजवण्याची सोय काढून टाकली आणि पुढे फेडोरानेही तेच धोरण चालवले. ज्यांना हे कोडेक हवे होते त्यांच्यासाठी वितरणाबाहेर स्वतंत्र भांडारे उभी राहिली. फेडोरासाठी आरपीएम फ्यूजन आणि ओपनसुसेसाठी पॅकमन ही त्यांपैकी प्रमुख. उबंटूने अशी पॅकेजे 'रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' नावाच्या गठ्ठ्यात बाजूला ठेवली. ध्वनी व चित्रफिती हाताळणाऱ्या जीस्ट्रीमर या मुक्त सॉफ्टवेअरमधील वर्गवारी सर्वांत बोलकी आहे. तिथे प्लगइनांचे, म्हणजे जोड-भागांचे, 'बेस', 'गुड', 'अग्ली' आणि 'बॅड' असे संच आहेत. 'बॅड' म्हणजे अजून पुरते कसोटीला न उतरलेले. 'अग्ली' म्हणजे कोड उत्तम, पण परवान्यामुळे किंवा पेटंटमुळे वाटताना अडचण येऊ शकेल असे. कोडची गुणवत्ता आणि तो वाटण्याची मोकळीक या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, हे केवळ नावातून सांगणारी ही वर्गवारी आहे.

पेटंटधारकाला पैसे देऊन मोकळे का होऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. एमपी३च्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या थॉमसन कंपनीच्या दरपत्रकात डिकोडरसाठी प्रतिनगामागे ०.७५ डॉलर असा दर होता आणि एन्कोडरसाठी तो त्याहून जास्त होता. रक्कम लहान आहे. अडचण 'प्रतिनग' या शब्दात आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रती कोण, कुठे, किती काढतो याची मोजदाद कोणाकडेच नसते आणि ती ठेवण्याची सक्ती केली तर सॉफ्टवेअर मुक्त राहत नाही. शिवाय जीपीएलच्या १९९१ मधील दुसऱ्या आवृत्तीचे सातवे कलम याच बेताने लिहिलेले आहे. पेटंटच्या अटी आणि जीपीएलच्या अटी एकाच वेळी पाळता येत नसतील, तर तो प्रोग्रॅम मुळीच वाटू नये, असे ते सांगते. मला परवाना मिळाला, पण माझ्याकडून प्रत घेणाऱ्याला तो मिळत नाही, अशी अर्धीमुर्धी तडजोड त्याला मान्य नाही. कलम कठोर आहे. पण ते नसते तर पेटंट विकत घेऊ शकणारी एखादी श्रीमंत कंपनी मुक्त प्रोग्रॅमची एकमेव कायदेशीर वितरक होऊन बसली असती. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने त्याच्या जोडीला, कोडमध्ये भर घालणाऱ्याने आपल्या संबंधित पेटंटांचा परवानाही सर्व वापरकर्त्यांना द्यावा, अशी तरतूद केली. फ्लुएंडो या कंपनीने एक मधला मार्ग काढला. तिने पेटंटचा परवाना स्वतः विकत घेतला आणि जीस्ट्रीमरसाठी एमपी३ डिकोडर विनामूल्य दिला. त्याचा कोड मुक्त परवान्याखाली होता, पण पेटंटचे संरक्षण केवळ कंपनीने स्वतः बनवलेल्या तयार फाइलीला होते. कोड बदलून नवी फाइल बनवली की ते कवच गळून पडे.

पैसे भरल्याने तरी निश्चिंती मिळते का, याचे उत्तर अल्काटेल-लूसेंट आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या खटल्यात मिळाले. मायक्रोसॉफ्टने फ्राउनहोफरला एमपी३साठी सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर दिलेले होते. तरीही फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील ज्यूरीने दुसऱ्याच दोन पेटंटांच्या भंगाबद्दल तिला सुमारे १५२ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला आणि २००८ मध्ये अपील न्यायालयानेही तो फिरवणे योग्य ठरवले. निकाल टिकला नाही, पण एका कोडेकवरील पेटंटे किती हातांत विखुरलेली असू शकतात, हे त्यातून उघड झाले.

पेटंट हा देशापुरता हक्क असल्याने भूगोलालाही येथे महत्त्व आहे. युरोपीय पेटंट कराराच्या ५२व्या अनुच्छेदानुसार संगणक-प्रोग्रॅम हा निव्वळ प्रोग्रॅम म्हणून पेटंटयोग्य आविष्कार मानला जात नाही. प्रत्यक्षात 'तांत्रिक परिणाम' दाखवून अशी पेटंटे तेथेही मिळत आली आहेत, आणि या बाबतीत नियम एकसारखे करू पाहणारा निर्देश युरोपीय संसदेने ६ जुलै २००५ रोजी ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. जवळजवळ प्रत्येक कोडेक सोबत घेऊन येणाऱ्या व्हीएलसी प्लेअरचा प्रकल्प फ्रान्समध्ये, तर एमपी३ टाळणाऱ्या रेड हॅटचे मुख्यालय अमेरिकेत, हा योगायोग नव्हे.

पेटंट टाळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे नवा कोडेक घडवणे. १९९८ च्या पत्रांनंतर ख्रिस माँटगोमेरी यांनी व्हॉर्बिसच्या कामाला वेग दिला आणि झिफ प्रतिष्ठानच्या छत्राखाली जुलै २००२ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तत्पूर्वी २००१ मध्ये त्याच्या लायब्ररीचा परवाना एलजीपीएलवरून अधिक सैल अशा बीएसडीवर नेण्यात आला आणि जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला पाठिंबा दिला. बंदिस्त उपकरणांनीही व्हॉर्बिस स्वीकारावा आणि त्यामुळे एमपी३ची पकड सैल व्हावी, हा हेतू होता. हे गणित फारसे जुळले नाही. ध्वनी जसाच्या तसा राखणारा फ्लॅक संग्राहकांमध्ये रुजला, व्हॉर्बिस खेळांमध्ये आणि काही स्ट्रीमिंग सेवांमध्ये पोहोचला, पण खिशातल्या प्लेअरांवर राज्य एमपी३चेच राहिले. वेबपृष्ठांच्या एचटीएमएल५ या मानकाच्या मसुद्यातील, व्हॉर्बिस ज्यात मोडतो त्या ऑग कुटुंबाच्या स्वरूपांची शिफारसही काही मोठ्या कंपन्यांच्या विरोधानंतर डिसेंबर २००७ मध्ये वगळण्यात आली.

ओपसने मात्र ही वाट बरीच पुढे नेली. झिफचा सेल्ट आणि स्काइपचा सिल्क या दोन कोडेकांच्या मिश्रणातून घडलेला हा कोडेक सप्टेंबर २०१२ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने आरएफसी ६७१६ या क्रमांकाचा मानक-दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध केला. त्याचा कोड बीएसडी परवान्याखाली आहे आणि झिफ, ब्रॉडकॉम व मायक्रोसॉफ्ट यांनी आपापली पेटंटे स्वामित्वशुल्काविना वापरू देण्याचे जाहीर केले. जो त्या पेटंटांच्या आधारे ओपसवर दावा लावील त्याचा परवाना संपेल, अशी अटही त्यात आहे. ब्राउझरमधील संभाषणाच्या वेबआरटीसी मानकात ओपस अनिवार्य झाल्याने तो बहुतेक ब्राउझरांत पोहोचला. तरीही क्वालकॉम आणि हुआवे यांसारख्या कंपन्यांनी आपली काही पेटंटे त्याला लागू होऊ शकतात, असे मानक ठरत असतानाच कळवले होते. कोडेक संपूर्णपणे पेटंटमुक्त आहे, असे खात्रीने सिद्ध करण्याची सोय कायद्यातच नाही.

एएसीच्या बाबतीत गुंता वेगळ्या प्रकारचा आहे. फ्राउनहोफरने अँड्रॉइडसाठी आपला दर्जेदार एफडीके एन्कोडर सोर्स कोडसह खुला केला, पण त्याच्या परवान्यात पेटंटचा कोणताही हक्क दिला जात नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. हा परवाना जीपीएलशी जुळत नाही. ध्वनी व चित्रफितींचे रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेग या मुक्त प्रोग्रॅमची बांधणी करताना जीपीएलचे भाग आणि हा एन्कोडर एकत्र घेतले, तर बांधणीची आज्ञावली 'नॉनफ्री' हा पर्याय मुद्दाम निवडायला लावते आणि तयार झालेली प्रत वाटण्याजोगी नाही, अशी नोंद पडद्यावर उमटवते. स्वतःपुरती ती खुशाल वापरावी. शेजाऱ्याला देऊ नये. एफएफएमपेगने आपला स्वतःचा एएसी एन्कोडर सुधारून २०१६ च्या ३.० आवृत्तीत प्रायोगिक अवस्थेतून बाहेर काढला, तो काही अंशी याच अडचणीवर उपाय म्हणून. फेडोरा तर एफडीकेची छाटलेली आवृत्ती देते. नव्या तंत्रांचे भाग त्यातून काढून टाकलेले आहेत.

एमपी३चा प्रश्न शेवटी कोणत्याही युक्तीने नव्हे, तर केवळ काळाने सोडवला. पेटंटची मुदत सामान्यतः अर्जापासून २० वर्षांची असते. मानकाला पूरक अशी पेटंटे नंतरही दाखल होत राहिल्याने अमेरिकेत हे प्रकरण एप्रिल २०१७ पर्यंत लांबले; २३ एप्रिल २०१७ रोजी, टेक्निकलर असे नाव घेतलेल्या थॉमसनने आणि फ्राउनहोफरने आपला परवाना-कार्यक्रम बंद केला. फेडोराने डिकोडर नोव्हेंबर २०१६ मध्येच आत घेतला होता. एन्कोडर मे २०१७ मध्ये आला. ऑडॅसिटीने २०१९ च्या २.३.२ आवृत्तीपासून लेम सोबतच द्यायला सुरुवात केली आणि 'डीएलएल' विचारणारी चौकट इतिहासजमा झाली. डॉल्बीच्या एसी-३ या कोडेकवरील शेवटची पेटंटेही २०१७ मध्येच संपली होती.

एएसीच्या मूळ, साध्या रूपाचे मानक १९९७ चे असल्याने त्याची जुनी पेटंटेही संपत आली आहेत. त्याच घराण्यातील एक्सएचई-एएसीचे मानक मात्र २०१२ चे आहे आणि त्यावरील पेटंटांची मुदत २०३० च्या आसपास व पुढेही जाते. एफएफएमपेगच्या २०२४ मधील ७.१ आवृत्तीत त्याचा मुक्त डिकोडर आलेला आहे. तो कोणत्या वितरणाने चालू ठेवायचा आणि कोणी छाटायचा, हा निर्णय पुन्हा प्रत्येक वितरणाला आपल्या देशाचा कायदा पाहूनच घ्यावा लागतो.