हिंसक घटनास्थळी रुग्णवाहिका पथकाची सुरक्षितता

मारामारी, चाकूहल्ला, गोळीबार, घरातली मारहाण, दंगल, अपघातानंतर खवळलेला जमाव किंवा भान हरपून हात उगारणारा रुग्ण, अशा ठिकाणी उपचारांसाठी जाणाऱ्या डॉक्टर, पॅरामेडिक आणि चालकाने स्वतःला इजा होऊ न देता काम कसे करावे, याविषयीची कार्यपद्धती. आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या प्रशिक्षणात रुग्णाची नाडी पाहण्याच्या आधी घटनास्थळ सुरक्षित आहे का, हे पाहायला शिकवतात. पथकातला माणूस पडला की एक जखमी वाढतो, उपचार करणारा एक कमी होतो आणि दुसरी गाडी येईपर्यंत मूळ रुग्णही खोळंबतो. पण धोका पूर्ण टळेपर्यंत बाहेरच थांबण्याची सवय लागली, तर आत रक्तस्रावाने माणसे दगावतात. कुठे थांबायचे आणि कुठवर आत शिरायचे, हा या विषयाचा गाभा आहे. १९९९ पासून त्याची उत्तरे बरीच बदलली आहेत.

घटनास्थळी पोहोचण्यापूर्वी

सुरक्षिततेची पहिली पायरी नियंत्रण कक्षात असते. फोन घेणाऱ्याने चारच गोष्टी नीट विचारल्या तरी पथकाचे अर्धे काम होते : मारणारा अजून तिथे आहे का, हत्यार कोणते, किती माणसे जमली आहेत, कोणी दारू किंवा नशा केली आहे का. महाराष्ट्रात वैद्यकीय मदतीसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ असे दोन क्रमांक चालतात. त्यामुळे 'माणूस पडलाय, लवकर या' एवढेच सांगणाऱ्या फोनमागे भोसकाभोसकी आहे हे १०८ ला कळले, तर ती माहिती ताबडतोब पोलिसांकडे जायला हवी. घाबरलेला माणूस सगळे सांगत नाही. फोनवर मागून येणारा आरडाओरडा, मध्येच तुटलेला फोन, एकाच पत्त्यावरून आलेले दोन वेगवेगळे निरोप यांवरून अनुभवी कर्मचारी अंदाज बांधतो.

धोक्याची शंका असेल तर गाडी थेट दारात न नेता अलीकडे, घटनास्थळावरून दिसणार नाही अशा जागी थांबवतात आणि पोलिसांची वाट पाहतात. वस्तीत शिरण्याआधी भोंगा बंद करतात, कारण भोंग्याने बघे गोळा होतात आणि हल्लेखोरही सावध होतो. गाडीचे तोंड बाहेर पडण्याच्या दिशेला ठेवणे ही साधी गोष्ट आहे, पण अरुंद गल्लीत तिचे मोल फार. मागे जमलेल्या गर्दीतून रुग्णवाहिका उलटी काढणे जवळपास अशक्य असते. किल्लीचेही तसेच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात मार्च २०१७ मध्ये एकाने रुग्णवाहिका पळवून तिच्याच कर्मचारी महिलेला चिरडले. गाडीजवळ कोणी नसेल तर ती कुलूपबंद असावी, हा नियम अशा घटनांमुळे ठसला.

दारात आणि खोलीत

दार वाजवताना दारासमोर उभे राहू नये, कडीच्या बाजूला भिंतीलगत राहावे. दार उघडताना आतल्या माणसाला आपल्याला पाहण्यासाठी थोडे पुढे यावे लागते आणि तेवढ्या क्षणात त्याचे हात दिसतात. अनोळखी माणसाचे हात पाहणे ही या कामातली सर्वांत उपयोगी सवय आहे. चेहरा रागावलेला असूनही हात रिकामे असतील, तर बोलायला अवधी मिळतो. शांत चेहऱ्याच्या माणसाचा एक हात पाठीमागे असेल, तर मागे फिरणे बरे.

चाळीतल्या एका खोलीचे उदाहरण घेऊ. दहा बाय बारा फुटांची जागा, एकच दार, एका कोपऱ्यात मोरी, समोर स्वयंपाकाचा ओटा, पलंगावर रुग्ण आणि भोवती सात-आठ नातेवाईक. इथे पथकाने पलंगापलीकडे, ओट्याच्या बाजूला जाऊन बसायचे नसते. दाराकडे पाठ न करता, पण दार आणि आपण यांच्यामध्ये कोणी येणार नाही असे बसायचे. ओट्यावर सुरी, विळी, तवा हाताशी असतो, म्हणून भांडण चालू असलेल्या घरात बोलणे स्वयंपाकाच्या जागेपासून दूर न्यावे. औषधांची बॅग आपल्या आणि समोरच्याच्या मध्ये ठेवली तर ती आयती आड होते. स्टेथोस्कोप गळ्यात न ठेवता खिशात ठेवावा. ओळखपत्राची दोरी ओढताच सुटणारी असावी, कारण गळ्यातली कोणतीही दोरी फास होऊ शकते.

पथकातल्या एकाने रुग्णाकडे आणि दुसऱ्याने खोलीकडे लक्ष द्यायचे, अशी कामाची वाटणी अनेक देशांत शिकवली जाते. मूळ कल्पना अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराच्या पोलिसांची, पुढे ती रुग्णवाहिका सेवेनेही घेतली. महाराष्ट्रात ती जशीच्या तशी लागू करणे सोपे नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत सोयींच्या होत्या. या गाड्यांवर एक डॉक्टर आणि एक चालक, म्हणजे ज्याला 'पायलट' म्हणतात तो, अशी दोघांचीच जोडी असते. स्ट्रेचर उचलायला चालक वर गेला की गाडी एकटी पडते आणि गाडीजवळ थांबला तर डॉक्टर एकटा पडतो. तिसरा माणूस मिळेपर्यंत यावर पुरता उपाय नाही. निदान जिना चढण्याआधी दोघांनी परतीचा इशारा ठरवून ठेवावा. 'ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर आणतो' यासारखे साधे वाक्य 'आता इथून निघू' या अर्थाने ठरवता येते. ते ऐकून घरातल्यांना संशय येत नाही आणि दोघेही बाहेर पडतात.

हिंसक झालेला रुग्ण

हात उगारणारा प्रत्येक रुग्ण गुन्हेगार नसतो, आणि हे विसरणे धोक्याचे आहे. रक्तातली साखर घसरली, मेंदूला मार लागला, प्राणवायू कमी पडला, आकडी येऊन गेली किंवा ताप डोक्यात गेला की एरवी शांत असणारा माणूसही शिव्या देतो, चावतो, ढकलतो. मधुमेहाचे इंजेक्शन घेऊन न जेवलेल्या माणसाला शेजारी 'पिऊन पडलाय' म्हणतात. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहायला काही सेकंद लागतात, आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तोच माणूस काही मिनिटांत भानावर येऊन काय झाले ते विचारतो. ज्याला धरून ठेवायला चार माणसे लागत होती, त्याच्याशी मग नीट बोलता येते.

बोलण्याची पद्धत ठरलेली आहे : बोलायचे एकानेच, आवाज खाली, वाक्ये छोटी, दोन हातांचे अंतर, अंग किंचित तिरके आणि तळहात दिसतील असे. 'काका, मी डॉक्टर आहे. तुम्हाला बघायला आलोय. इथे बसू का?' असे विचारून परवानगी मागितली की समोरच्याला परिस्थितीवर आपला थोडा ताबा आहे असे वाटते. 'शांत व्हा' म्हणून कोणी शांत होत नाही. भ्रम झालेल्या माणसाशी त्याच्या भ्रमावरून वाद घालू नये आणि त्या भ्रमाला होकारही देऊ नये. मुठी वळणे, येरझाऱ्या, एकाच शब्दाची पुनरावृत्ती, दाराकडे किंवा एखाद्या वस्तूकडे वारंवार जाणारी नजर ही हल्ल्यापूर्वीची लक्षणे आहेत. ती दिसली की बोलणे आवरते घेऊन मागे सरकायचे.

बळाने धरून ठेवणे हा शेवटचा उपाय आणि तो पुरेशी माणसे असतील तरच. रुग्णाला पालथे पाडून त्याच्या पाठीवर किंवा मानेवर कोणीही बसता कामा नये, कारण धडपडीने दमलेल्या शरीराचा श्वास त्या दाबाखाली बंद पडून मृत्यू येतो. बांधावे लागलेच तर उताणे किंवा कुशीवर बांधून श्वास, नाडी आणि हातापायांचा रंग सतत पाहत राहावे लागते. मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मनाई केली आहे. गावाकडे असा रुग्ण दोरखंडाने खाटेला बांधलेला सापडतो. तिथे पहिले काम घरच्यांवर ओरडण्याचे नसते. तेही अनेक रात्री जागलेले असतात.

जमाव

आपल्याकडे पथकाला चाकूपेक्षा जमावाची भीती जास्त असते. महामार्गावर ट्रकने दुचाकीला उडवले की मिनिटांत पन्नास-शंभर माणसे जमतात, ट्रकचालकाला मार पडतो आणि रुग्णवाहिकेला उशीर झाला असेल तर राग तिच्यावर वळतो. अशा वेळी रस्त्यावर बसून सलाईन लावत राहणे चुकीचे. रक्तस्राव दाबून, श्वासमार्ग मोकळा करून, मान आधाराने धरून रुग्ण गाडीत घ्यायचा आणि निघायचे. बाकीचे उपचार एखाद-दोन किलोमीटर पुढे गाडी बाजूला घेऊन करता येतात. मार खाल्लेला ट्रकचालक हाही रुग्णच आहे. त्याला त्याच जमावासमोर त्याच गाडीत घेणे मात्र दोन्ही रुग्णांना महागात पडू शकते, म्हणून त्याच्यासाठी दुसरी गाडी आणि पोलीस मागवतात.

जमावाला 'मागे व्हा' म्हणण्यापेक्षा काम देणे परिणामकारक ठरते. त्यातला एखादा जबाबदार दिसणारा माणूस हेरून, 'दादा, जिना मोकळा करून द्या', 'मावशी, यांच्या औषधांचे कागद आणा', 'तुम्ही दोघे टॉर्च धरा' असे सांगितले की ओरडणारे हात मदतीला येतात. अवघड क्षण येतो तो रुग्ण आधीच दगावलेला असताना. शोकाचे रूपांतर संतापात व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ही बातमी घोळक्यात न सांगता जवळच्या एक-दोघांना बाजूला घेऊन, स्पष्ट शब्दांत, त्यांच्या शेजारी बसून सांगावी. तोवर सामान आवरलेले आणि चालक जागेवर असलेला बरा.

अफवा पसरलेली असेल तर मात्र ओळखीची गाडी आणि पांढरा कोटही पुरत नाहीत. करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये, विलगीकरणासाठी माणसे नेण्यास गेलेल्या वैद्यकीय पथकावर उत्तर प्रदेशातील मुरादाबादमध्ये दगडफेक झाली. त्याआधी इंदूरमध्येही आरोग्य कर्मचाऱ्यांना पळून जीव वाचवावा लागला होता. रोगापेक्षा विलगीकरणाची धास्ती मोठी झाली की असे घडते. वस्तीतल्या माहितीच्या माणसाला, आशाताईंना किंवा नगरसेवकाला आधी बोलावून मग गाडी आत नेणे अशा ठिकाणी जास्त उपयोगी पडते.

थांबावे किती?

अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. इमारत पूर्ण तपासून होईपर्यंत वैद्यकीय पथके बाहेर राहिली. गोळ्या लागलेला एक शिक्षक वर्गात तीन तासांहून अधिक काळ पडून होता. त्याच्या विद्यार्थ्यांनी कपड्यांनी रक्त थांबवण्याचा प्रयत्न केला, पण मदत पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. यानंतर पोलिसांची पद्धत आधी बदलली, वैद्यकीय सेवेची मागाहून. घटनास्थळाचे तीन पट्टे मानले जाऊ लागले : जिथे प्रत्यक्ष हल्ला चालू आहे तो हॉट झोन, जिथे हल्लेखोर नाही पण येऊ शकतो तो वॉर्म झोन, आणि निर्धोक कोल्ड झोन. व्हर्जिनियातील आर्लिंग्टन परगण्यात गोळीरोधक जाकिटे घातलेले पॅरामेडिक पोलिसांच्या कड्यात वॉर्म झोनमध्ये जातील अशी पथके उभी राहिली. ती आत पूर्ण उपचार करत नाहीत. टुर्निकेट (रक्त थांबवण्यासाठी हाता-पायाला आवळायचा पट्टा) लावणे, छातीच्या जखमेवर सील लावणे आणि माणूस बाहेर काढणे एवढेच करतात. सँडी हुक शाळेतील हत्याकांडानंतर अमेरिकी शल्यचिकित्सकांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये झालेल्या 'हार्टफर्ड सहमती'ने रक्तस्राव थांबवणे हे हल्लेखोराला रोखण्याच्या लगेच नंतरचे काम ठरवले.

मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ च्या रात्री संगीत कार्यक्रमानंतर झालेल्या स्फोटात २२ जण मृत्युमुखी पडले. स्फोट झाला त्या दालनात त्या रात्री तीनच पॅरामेडिक गेले, आणि अग्निशमन दल दोन तासांहून अधिक उशिरा आले. दुसरा हल्लेखोर असेल या शंकेने यंत्रणा एकमेकींशी न बोलता आपापल्या जागी थांबल्या होत्या. २०२२ च्या चौकशी अहवालाने यावर कडक ताशेरे ओढले, आणि वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर एक जण बहुधा वाचला असता असे नोंदवले.

पण शंका निराधार नसते. जानेवारी १९९७ मध्ये अटलांटाजवळच्या एका दवाखान्यात पहिल्या स्फोटानंतर सुमारे तासाभराने, मदतीला आलेल्यांना गाठण्यासाठीच ठेवलेला दुसरा बाँब फुटला. २४ डिसेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वेब्स्टर इथे एकाने घराला आग लावून विझवायला आलेल्या जवानांवर गोळ्या झाडल्या, त्यात दोघे मरण पावले. या दोन्ही बाजू पाहता धोका पत्करायचा की नाही, हे एकट्या पॅरामेडिकच्या धैर्यावर सोडणे अन्यायाचे आहे. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय अधिकारी यांनी एकाच जागी उभे राहून ते ठरवायला हवे, आणि आत जाणाऱ्याला जाकीट व पोलिसांची सोबत दोन्ही मिळायला हवीत. जाकिटातही फरक असतो : गोळी अडवणारे जाकीट टोकदार चाकू अडवेलच असे नाही.

पुरावा, कायदा आणि नोंद

जीव वाचवताना पुराव्याचीही जाण ठेवावी लागते. रक्ताळलेला सदरा चाकूच्या भोकातून न कापता बाजूने कापतात, हत्याराला विनाकारण हात लावत नाहीत आणि काय हलवले ते पोलिसांना सांगतात.

महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरवली. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि नुकसान झालेल्या साधनांच्या किमतीच्या दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे. करोनाकाळात केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा आणली, पण ती साथीच्या काळापुरती. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ च्या कायद्यातली बारा महिन्यांची कमाल शिक्षा २०२२ मध्ये दोन वर्षांवर नेण्यात आली. कायदा घटना घडून गेल्यावर कामी येतो, आणि त्यासाठीही तक्रार व्हावी लागते. शिवी, धक्का, थुंकणे हे 'चालायचेच' म्हणून सोडून देण्याची सवय या क्षेत्रात खोल रुजलेली आहे. त्यामुळे कोणत्या भागात, कोणत्या वेळी पथक अडचणीत येते याचे खरे चित्र सेवेकडे तयारच होत नाही.

अनेक देशांत हल्ला झालेल्या पत्त्यावर नियंत्रण कक्षाच्या संगणकात खूण ठेवतात, म्हणजे पुढचे पथक पोलिसांसह जाते. ही खूण ठरावीक मुदतीने तपासून काढून टाकावी लागते. भाडेकरू बदलतात, आणि जुन्या भांडखोराच्या खोलीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबातल्या हृदयविकाराच्या रुग्णाला पोलीस येईपर्यंत ताटकळावे लागता कामा नये.