विल्यम डग्लस यांची साथरोगविषयक पत्रे व लेखन

विल्यम डग्लस (सु. १६९१–१७५२) हे मूळचे स्कॉटलंडचे डॉक्टर. एडिनबर्ग, लायडन व पॅरिस येथे शिकून १७१८ मध्ये ते बॉस्टनला स्थायिक झाले. न्यूयॉर्कचे वैद्य आणि निसर्गअभ्यासक कॅडवालडर कोल्डन यांना त्यांनी लिहिलेली पत्रे आणि त्यांच्या पुस्तिका यांतून वसाहतकालीन अमेरिकेतील साथी एका जाणत्या वैद्याच्या नजरेतून दिसतात. एका पत्रात ते लिहितात, की गावात औषधांची चौदा दुकाने आहेत, वैद्यांचा सुकाळ आहे, पण पदवीधर मात्र आपण एकटेच.

१७२१ मध्ये बॉस्टनला देवीची मोठी साथ आली. देवीपासून बचाव व्हावा म्हणून तुर्कस्तानात निरोगी माणसाला देवीचा पू टोचतात, हे सांगणारे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकाचे अंक डग्लस यांनीच धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांना वाचायला दिले होते. मॅदर यांना हीच पद्धत ओनेसिमस या आपल्या आफ्रिकी गुलामाकडूनही कळली होती. मॅदर यांच्या आग्रहावरून बॉस्टनचे वैद्य झॅबडीएल बॉयलस्टन यांनी टोचायला सुरुवात केली, तेव्हा सर्वांत कडवा विरोध केला तो डग्लस यांनीच. टोचलेली माणसे मोकळी हिंडून साथ पसरवतील ही त्यांची भीती रास्त होती. टोचलेल्याला खरोखरच देवी येत आणि त्या इतरांना लागत. पण धर्मोपदेशकांनी वैद्यकात लुडबुड करावी याचा रागही डग्लस यांच्या त्या वेळच्या लेखनात उघड दिसतो, आणि तो त्यांच्या निरीक्षणावर मात करतो. शहरात सुमारे ६,००० जणांना देवी आल्या, ८४४ दगावले. टोचून घेतलेल्या २४० हून अधिक लोकांपैकी ६ मेले. पुढे डग्लस यांनीही या पद्धतीचा उपयोग मान्य केला.

त्यांचे खरे मोठे काम १७३६ चे आहे. १७३५–३६ मधील बॉस्टनच्या तापाच्या साथीवरील त्यांची पुस्तिका म्हणजे लोहितांग ज्वराचे (स्कार्लेट फीवरचे) इंग्रजीतील पहिल्या नेटक्या वर्णनांपैकी एक. घशातले व्रण, अंगावरचे लाल पुरळ, नंतर कातडीची सालपटे निघणे, सगळे रुग्णाच्या उशाशी बसून टिपलेले. सुमारे ४,००० रुग्णांत ११४ मृत्यू, असा हिशेबही त्यांनी मांडला. त्याच सुमारास न्यू हॅम्पशायरमध्ये मुलांचे बळी घेणारा घशाचा रोग मुख्यतः घटसर्प असावा, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. डग्लस मात्र दोन्हीकडची साथ एकच मानत होते.