विजेचं काम सुरू करायच्या आधी मेन स्विच का बंद करतो?

आमची वायरिंगची माणसं आली की आधी बराच वेळ मेन स्विचच्या बॉक्सपाशीच उभी दिसतात, आणि मग "एक बटणच तर बदलायचंय, चालू लाईनवरच करून टाका ना" असं हमखास ऐकायला मिळतं. नाही करत. तुम्ही घाई केलीत तरी नाही.

मेन बंद केला की त्याला कुलूप लावतो आणि किल्ली जो वायरला हात लावणार त्याच्याच खिशात असते, कारण बऱ्याचदा घरातलंच कोणीतरी फ्रीज बंद दिसला म्हणून चांगल्या मनाने मेन वर करतं आणि आतल्या खोलीत माणूस उघडी वायर धरून बसलेला असतो. मग व्होल्टेज मोजायच्या मीटरने चेकिंग. मीटर आधी चालू पॉइंटवर, मग आपल्या वायरवर, मग परत चालू पॉइंटवर लावतो, कारण मीटरच बिघडलेला असला तर चालू वायरसुद्धा बंदच दाखवणार. दिवा लागणाऱ्या पेनासारख्या टेस्टरवर आम्ही विसंबत नाही, तुम्हीही विसंबू नका.

इन्व्हर्टर, जनरेटर, सोलर यातलं काहीही असेल तर ते फोनवरच सांगा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टरच्या लाईनमध्ये करंट असतो, आणि सोलर पॅनल तर ऊन असेपर्यंत व्होल्टेज देतच राहतात. मोटर, एसी यांच्या कपॅसिटरमध्येही (वीज साठवणारा भाग) बंद केल्यावर चार्ज उरतो, म्हणून तिथे थोडं थांबावं लागतं.

आता सारखा ट्रिप होणारा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. १६ अँपिअरचा काढून ३२ चा टाका म्हणणारे खूप भेटतात, पण वायर तीच राहिली तर आता एमसीबी पडायच्या आधी वायर तापणार, आग तिथूनच लागते. आणि एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. त्यासाठी आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच) लागतो, घरात शक्यतो ३० मिलीअँपिअरचा. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघत जा, दाबूनही पडला नाही तर लगेच कळवा. (अर्थिंग खराब असली तरी हे बटण बरोबर चालतं बरं का, त्यामुळे अर्थिंग वेगळी तपासावी लागते.)

कोणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, आधी मेन पाडा.

लाईट किती वेळ बंद राहील ते आधीच विचारून घ्या आणि पाण्याची टाकी तेवढी भरून ठेवा.