आवाज बसून तीन आठवडे झाले? आधी तपासणी करून घ्या

सर्दी-खोकल्यात बसलेला आवाज बहुतेक वेळा विषाणूमुळे बसतो आणि आठ-पंधरा दिवसांत सुटतो. भरपूर पाणी, वाफ आणि कमी बोलणं पुरतं. अँटिबायोटिक सहसा लागत नाही. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, आवाज निर्माण करणाऱ्या स्वरतंतूंवर पोहोचत नाही. त्याच्या भरवशावर महिने काढू नका.

आमच्याकडे स्वरोपचारासाठी, म्हणजे आवाज सुधारण्याच्या व्यायामांसाठी, शिक्षिका बऱ्याच येतात. बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. भरलेल्या वर्गात रोज ओरडून शिकवलं, की हा मार वाढतो आणि कुदळ धरून तळहाताला पडावेत तसे दोन्ही तंतूंवर समोरासमोर घट्टे पडतात. सकाळी आवाज ठीक, शेवटच्या तासाला फाटलेला, वरची पट्टी लागत नाही, ही त्याची लक्षणं. या गाठी कर्करोगाच्या नसतात. बहुतेक जणींच्या गाठी शस्त्रक्रियेशिवाय, स्वरोपचाराने ओसरतात: श्वासाच्या आधारावर बोलणं, स्ट्रॉमधून गुणगुणणं, मान-जबडा सैल सोडणं. रोज घरी थोडा सराव मात्र हवाच. फरक पडायला काही आठवडे लागतात. नुसत्या मौनाने तात्पुरता आराम पडतो. बोलण्याची सवय तीच राहिली, तर शस्त्रक्रियेनंतरही गाठी परत येतात. कुजबुजू नका, त्यानेही ताण पडतो. घसा खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्या. आणि शाळेकडे छोटा माइक जरूर मागा. तो चैनीची वस्तू नाही.

घशापर्यंत येणारं आम्लपित्त, मंदावलेलं थायरॉइड, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत दुखावलेली नस यांमुळेही आवाज बदलतो. दम्याच्या पंपानेही बदलू शकतो. पंप घेतल्यावर चूळ भरा, पण मनाने तो बंद करू नका. वयात आलेल्या मुलाचा आवाज बारीकच राहिला असेल, तर त्यालाही घेऊन या. बहुतेकदा थोड्याच बैठकांत आवाज उतरतो, आणि पोराचं वर्गात तोंड मिटून बसणं थांबतं.

तंबाखू, विडी किंवा मिश्रीची सवय असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं, मानेत गाठ लागली, तर तीन आठवडेही थांबू नका. श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर थेट रुग्णालय गाठा. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला, तर बरा होण्याची शक्यता चांगली असते आणि अनेकदा आवाजही वाचतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने स्वरतंतू पाहिल्याशिवाय आम्ही उपचार सुरू करत नाही. ही तपासणी काही मिनिटांची असते, त्यासाठी सहसा पूर्ण भूल लागत नाही. येताना तो रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि फोनमध्ये असेल तर तुमच्या पूर्वीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आणा.