पार्श्वभूमी : बाभळीचं 'अकेशिया' हे नाव का गेलं?

बाभळीच्या डहाळीवर पानाच्या बुडाशी पांढरे, सरळ काटे जोडीने येतात. खैराचे काटे आखूड आणि आकडीसारखे वळलेले. ऑस्ट्रेलियन बाभळीला काटेच नाहीत. तिचं लांबट, हिरवं 'पान' म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ. बारीक पर्णिकांची खरी पानं फक्त कोवळ्या रोपावर दिसतात. तरीही ही तिन्ही झाडं दीर्घकाळ 'अकेशिया' याच वंशात नांदली.

या वंशाला १७५४ मध्ये नाव मिळालं आणि १९१३ मध्ये त्याचा नमुना, म्हणजे नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती जात, म्हणून बाभूळच ठरली. पुढे डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की हे एक घराणं नाहीच, वंशाची फाळणी अटळ आहे. नियम सरळ होता: नमुना ज्या गटात, नाव त्या गटाचं. म्हणजे अकेशिया हे नाव बाभळीकडे राहायला हवं होतं.

पण २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रस्ताव आला की नमुनाच बदलावा, तिथलं एखादं झाड घ्यावं. कारण व्यवहारी होतं. वंशातल्या सुमारे १,३०० जातींपैकी नऊशेहून अधिक ऑस्ट्रेलियातल्या; एवढी नावं बदलण्यापेक्षा उरलेली बदलणं सोपं. तज्ज्ञांच्या समितीने ९ विरुद्ध ६ मतांनी होकार दिला.

२००५ मध्ये व्हिएन्नाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत, जिथे वनस्पतींच्या नावांचे नियम ठरतात, हा विषय मताला आला, तो मात्र उलट्या बाजूने. समितीचा निर्णय फेटाळायचा असेल तर ६० टक्के मतं लागतील, असं ठरलं. विरोधात २४७ मतं पडली, बाजूने २०३. सुमारे ५५ टक्के लोकांना बदल नको होता आणि तरीही तो झाला! सोयीचा मुद्दा मान्य केला, तरी शतकभर मानलेला नमुना हलवायचा तर बहुमत हलवणाऱ्यांनी मिळवायला हवं होतं. इथे ते विरोध करणाऱ्यांकडून मागितलं गेलं. आफ्रिकेतल्या अभ्यासकांची नाराजी बरीच वर्षं धुमसत राहिली, आणि ती रास्त होती.

२०११ च्या मेलबर्न परिषदेत पुन्हा मतदान झालं. या वेळी मात्र व्हिएन्नाच्या निर्णयाला स्पष्ट बहुमत मिळालं. तडजोडीचे पर्यायही बाजूला पडले. तेव्हापासून बाभूळ 'व्हॅचेलिया निलोटिका' आणि खैर 'सेनेगालिया कटेचू' आहे. हिवरही व्हॅचेलियात गेला. ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच राहिली.

२०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेत ६० टक्क्यांची तीच अट पुन्हा आडवी होती, पण या वेळी ती बदल मागणाऱ्यांना पार करायची होती. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांसाठी शिवीसारखा वापरला गेलेला 'कॅफ्रा' हा शब्द दोनशेहून अधिक नावांतून काढून 'अ‍ॅफ्रा' करण्याचा प्रस्ताव सुमारे ६३ टक्के मतांनी संमत झाला. त्यात आधीच अकेशियातून बाहेर पडलेलं एक झाडही आहे: 'सेनेगालिया कॅफ्रा', आता 'सेनेगालिया अ‍ॅफ्रा'.