लष्करी जमिनीवरील वृक्षलागवड व वनव्यवस्थापन

छावणी, सरावक्षेत्र, गोळीबाराची रेंज, दारूगोळ्याचे कोठार अशा लष्कराच्या ताब्यातील जमिनीवर झाडे लावणे व असलेले रान राखणे यांचे नियोजन. इंदूरजवळची महू छावणी (स्थापना १८१८) याचे सोयीचे उदाहरण. इथली जमीन माळव्याची: वर काळी माती, खाली मुरूम आणि बेसाल्ट, पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर.

इतर लागवडीत आधी जात ठरते, इथे आधी ‘कुठे लावायचे नाही’ हे ठरते. महूजवळच्या बेरछासारख्या सरावक्षेत्रात जमिनीत न फुटलेला दारूगोळा असू शकतो. तज्ज्ञ पथकाने जागा तपासल्याखेरीज पहार लावायची नाही. गोळीबाराच्या रेषेत झाड नको. कोठाराभोवती वाळके गवत, पालापाचोळा ठेवायचा नाही. कुंपणाच्या भिंतीला लागून झाड लावले की पाचेक वर्षांत त्याची फांदी चोरट्याची शिडी होते. जमिनीखालच्या पाण्याच्या व तारांच्या वाहिन्यांचा नकाशाही आधीच मागवावा. छावणीतील ‘ए-१’ वर्गाची जमीन लष्कराकडे, ‘सी’ वर्गाची छावणी परिषदेकडे असते. परवानगी कोणाकडून घ्यायची ते यावर ठरते. जमिनीची सरकारी दप्तरी ‘वन’ अशी नोंद असेल, तर १९८० चा वनसंवर्धन कायदाही लागतो.

जातींची निवड सरावाच्या गरजेवर ठरते. साग भरभर वाढतो, पण उन्हाळ्यात उघडा पडतो. जवानांना आडोसा हवा तेव्हाच पान नसते, आणि खाली पडलेला पाला वणव्याला सरपण होतो. आडोशासाठी करंज, जांभूळ, आंबा. मुरमाड उतारावर खैर, धावडा, पळस, सीताफळ. सुबाभूळ टाळलेली बरी, कारण बी पसरून ती सगळे रान व्यापते.

खड्डे एप्रिल-मेमध्ये ४५ सेंमी. लांब, रुंद व खोल घेऊन तापू द्यावेत. ३ × ३ मीटर अंतराने हेक्टरी १,१११ रोपे बसतात. रोपे मरण्याची सुरुवात पुष्कळदा खड्ड्यातूनच होते. ओलसर काळ्या मातीत यंत्राने खड्डा पाडला की त्याच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात. मुळे त्यांवर आपटून कुंडीत असल्यासारखी गोल फिरतात आणि पावसाचे पाणी तळाशी साचून कुजतात. म्हणून भिंती पहारीने खरवडाव्यात, सखल जागी खड्ड्याऐवजी उंचवटा करून रोप लावावे. उतारावर सलग समतल चर खणावेत. रोप लावताना पिशवी पूर्ण फाडून काढावी, खालची गुंडाळलेली मुळे कापावीत आणि बुंध्याची मान (खोड व मूळ जुळते ती जागा) जमिनीच्या पातळीला ठेवावी. लागवड जमीन चांगली भिजल्यावरच करावी. कार्यक्रमाची तारीख आणि पावसाची तारीख जुळतेच असे नाही! नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, ऑगस्टमध्ये भरावेत.

उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी रोपाला १० लिटर पाणी धरले, तर एका हेक्टरच्या एका फेरीला सुमारे ११,००० लिटर लागते, म्हणजे ५,००० लिटरचे दोन टँकरही पुरत नाहीत. हा हिशेब आधी न केल्याने पुष्कळ लागवडी मेमध्ये जातात. जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत-पाला काढून मोकळे ठेवलेले पट्टे) फेब्रुवारीपूर्वी साफ कराव्यात.

विरळणीत, म्हणजे दाटी कमी करण्यासाठी काही झाडे तोडताना, रेंजजवळचे लाकूड कापताना त्यात रुतलेल्या गोळ्या करवतीची पाती मोडतात, म्हणून असे ओंडके धातुशोधकाने तपासून वेगळे ठेवतात. तुकड्या व अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, तर रान वीस-तीस वर्षे सांभाळावे लागते. त्यामुळे लागवडीची वही, नकाशा आणि पाण्याचे वेळापत्रक तुकडीकडे नव्हे, स्टेशन मुख्यालयात (छावणीच्या कायमच्या लष्करी कार्यालयात) ठेवावे.