नवसाला पावणारा देव आणि आइन्स्टाइनचा देव

गणपतीतल्या व्याख्यानांत सांगली-मिरजेकडे एक वाक्य हमखास येतं: एवढा मोठा शास्त्रज्ञ आइन्स्टाइन, तोही देव मानायचा. पुढच्या गल्लीतल्या मांडवात दुसरा वक्ता त्याच आइन्स्टाइनला पक्का नास्तिक ठरवतो. घोळ ‘देव’ या शब्दात आहे. इथे एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी हा फरक चटकन कळतो. कृष्णेची इशारा पातळी तिथे 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढू लागलं की कृष्णामाईची ओटी भरायची, ‘आई, आता उतर’ म्हणून हात जोडायचे. ज्याला ही विनवणी ऐकू जाते आणि जो तिच्यापायी पाणी उतरवू शकतो, तो नवसाला पावणारा देव. तो रागावतो, प्रसन्न होतो, माणसांच्या वागण्याचा हिशेब ठेवतो. आइन्स्टाइनची लहानपणीची धार्मिकता बाराव्या वर्षी सुटली. त्यानंतर हा देव त्याने मानला नाही.

दुसरा देव पुलावरच्या फुटपट्टीत आहे. कोयना-वारणेच्या खोऱ्यात पाऊस किती, धरणातून किती क्युसेक सोडलं, नदीला उतार किती, यावर पाणी किती चढणार ते ठरतं. ओटीने त्यात इंचाचाही फरक पडत नाही. अशी नियमबद्धता सगळ्या विश्वात आहे आणि ती आपल्या बुद्धीला थोडीफार उमगते, याचा विस्मय म्हणजे आइन्स्टाइनची धार्मिक भावना. 1929 साली न्यूयॉर्कचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, हर्बर्ट गोल्डस्टाइन यांनी त्याला तार केली: देव मानता का? उत्तराचे पैसे भरलेत, 50 शब्द. उत्तर आलं ते असं, की जे जे आहे त्याच्या नियमबद्ध सुसंवादात प्रकटणारा स्पिनोझाचा (सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ) देव मी मानतो. माणसांच्या नशिबात आणि कृत्यांत लक्ष घालणारा नाही.

यालाच निर्गुण ब्रह्म म्हणून मोकळं होण्याचा मोह आपल्याकडे होतो. तेही नीट बसत नाही. शंकराचार्यांच्या अद्वैतात जग अखेर मिथ्या ठरतं. स्पिनोझाकडे देव म्हणजे निसर्गच.

सगळ्यात जास्त गोंधळ फाशांच्या वाक्याने होतो. 4 डिसेंबर 1926 च्या पत्रात आइन्स्टाइनने माक्स बोर्न या भौतिकशास्त्रज्ञाला लिहिलं की ‘तो’, म्हणजे देव, फासे टाकत नाही. वाद क्वांटम सिद्धान्ताचा होता, म्हणजे अणूंच्या पातळीवर काय घडेल याच्या फक्त शक्यता सांगणाऱ्या सिद्धान्ताचा. उद्या पावसाची शक्यता 70 टक्के, असं आपण म्हणतो तेव्हा कमी असते ती आपली माहिती. क्वांटममधल्या शक्यताही तशाच, सिद्धान्त अपुरा असल्यामुळे आलेल्या, असं त्याला वाटे. बोर्नच्या मते अनिश्चितता निसर्गातच आहे. पुढच्या प्रयोगांनी कौल बराचसा बोर्नच्या बाजूने दिला. म्हणजे भाविक ज्या वाक्याचा आधार घेतात, नेमक्या त्याच मुद्द्यावर आइन्स्टाइन मागे पडला!

आइन्स्टाइनच्या नावावर देवाचं वाक्य समोर आलं तर आधी साल आणि कोणाला लिहिलंय ते बघावं. मग ‘देव’च्या जागी ‘निसर्गनियम’ घालून वाचावं. ‘निसर्गनियम फासे टाकत नाहीत’ हे चालतं. ‘निसर्गनियम हाकेला धावतो’ हे चालत नाही. तिथे नवसाचा देव आहे, आणि ते वाक्य बहुधा आइन्स्टाइनचं नाही.

‘धर्माविना विज्ञान लंगडं, विज्ञानाविना धर्म आंधळा’ या आइन्स्टाइनच्याच वाक्यावर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्यात देवच नाही. मराठीत ‘धर्म’ म्हटलं की पंथ, पूजा, कर्तव्य, सगळंच येतं. इथे धर्म म्हणजे सत्याची ओढ आणि जग बुद्धीला कळू शकतं हा विश्वास. हे वाक्य 1940 सालच्या निबंधातलं. त्याच निबंधात पुढे, धर्मोपदेशकांनी व्यक्तिरूप देवाची कल्पना सोडावी, असंही आहे. तो भाग व्याख्यानात कोणी वाचत नाही.

नास्तिकांच्या मांडवातही तो पुरता मावत नाही. 1949 च्या एका पत्रात त्याने लिहिलं की मला अज्ञेयवादी (देव आहे की नाही ते कळू शकत नाही असं मानणारा) म्हणा हवं तर, पण धंदेवाईक नास्तिकांचा लढाऊ आवेश मला मान्य नाही. आणि 3 जानेवारी 1954 ला एरिक गुटकिंड या तत्त्वज्ञाला लिहिताना, ‘देव’ हा शब्द माझ्या लेखी मानवी दुबळेपणातून आलेला आहे, हेही त्यानेच लिहिलं. हे जर्मन पत्र 2018 मध्ये लिलावात सुमारे 29 लाख डॉलरना गेलं.